रकाना क्रमांक नऊ

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर
'स्वभाव' असा एक रकाना आहे,
रुंदी माझ्या अंगठ्याएवढी.
बहुतेकांसाठी मी लिहिते : शांत. मितभाषी. सहकार्य करतो.
ओरोसच्या कचेरीत पंखा फिरतो,
शाई वाळते, फाईल बंद होते.

साईल मेथर, वय सत्तावीस, राहणार तारामुंबरी, देवगड.
गर्दाचं सेवन, प्रमाण अल्प.
दोन वर्षांचं हमीपत्र, एक सोमवार सोडून हजेरी.
पहिल्या दिवशी त्याच्या खिशात सुई निघाली.
शिपाई दोन पावलं मागे सरला.
सुई जाळं विणायची होती, प्लास्टिकची, बोटभर जाड,
तिच्यात हिरवा दोरा.

तो चिकट आहे.
दुसऱ्या महिन्यात वहीत हिशेब मांडून आणला :
पाच वर्षांत पुडीवर गेले ते पैसे,
शेजारी वापरलेल्या इंजिनाची किंमत.
आकडे जवळजवळ सारखे.
पश्चात्ताप वगैरे नाही, नुसता संताप,
मापात मारलेल्या गिऱ्हाइकाचा असतो तसा.

तो भित्रा आहे.
बर्फाच्या कारखान्यामागून जेटी पाच मिनिटांवर,
हा मारुतीच्या देवळावरून वळसा घालून जातो,
डोक्यावर जाळं असलं तरी.
बरोबरचे हसतात, "भिलंस काय रे?"
"भिलंय," म्हणतो, आणि चालू लागतो.
(न भिणारे माझ्याकडे परत येतात,
पुढच्या वेळी मोठं कलम घेऊन.)

हमीदार भिवा मालंडकर, जाळ्यांचा मालक,
तक्रारीच्या सुरात सांगतो :
एक आस फाटलेली दिसली की पुढे सरकत नाय,
रात्रीचे अकरा वाजूदेत.
सोड म्हटलं तरी सोडीत नाय.
मी ऐकून घेते. मनात येतं,
ज्याला काही म्हणजे काही सोडता येत नाही
त्यालाच कोर्टानं सोडायला सांगितलंय.

अकराव्या महिन्यात,
नारळी पुनव होऊन होड्या बाहेर पडल्यानंतर,
तो गुरुवारी आला. त्याची तारीख नव्हती.
चपला दाराबाहेर काढून उभा.
"मॅडम, बाटली देव नका. परवा घेतलंय.
सांगूक इलंय."
कणकवलीला गाडी बदलून, दोन्ही वेळचं तिकीट काढून,
चिकट माणूस स्वतःविरुद्ध बोलायला आला होता.

नियम म्हणतो, कळवा. कळवलं.
न्यायाधीशांनी चष्मा काढला : "हा आपणहून आला?"
आपणहून आला, मी म्हटलं.
मुदत सहा महिन्यांनी वाढली.
त्याच्या आवशीनं त्यानंतर मला पेडव्यांची पिशवी पाठवली,
मी परत केली, तेही नियमच.
वास मात्र दिवसभर टेबलाला होता.

त्या कबुलीसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
'चाचणी : सदोष' एवढाच आहे.

आज एकोणिसावा महिना. बाटली स्वच्छ.
पुढच्या सोमवारचं मी सांगू शकत नाही,
तोही सांगत नाही.
बाकावर बसून दोऱ्याला गाठी मारत असतो,
मनासारखी नाही पडली की उसवतो.
"किती दिवस झाले रे?"
"मोजूचा सोडलंय, मॅडम.
मोजलंय काय साजरो करूक मन होता."

मी पेन्सिल घेते. रकान्यात लिहिते :
चिकट, भित्रा, हट्टी.
जागा संपते. समासात घुसून लिहिते :
न विचारता सांगतो.
वरचे साहेब विचारतील, ही काय शिफारस झाली?

बाहेर तो शिपायाला देवगड गाडीची वेळ विचारतोय.
शिपाई म्हणतो, गेली, आता दीड तासानं.
तो खिशातून सुई काढतो.